सूर सोडायचा कुठं

दुकानात नवा पोरगा गिटार घेऊन आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मोबाईलवर एखादं गाणं लावतो, माझ्या कानाजवळ धरतो आणि विचारतो, "काका, हा आवाज कोणत्या पेडलनं निघतो?" लातूरच्या गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर माझं दुकान आहे. चाळीस वर्षं मी तिथं अँप्लिफायर, टेपरेकॉर्डर, माईक सेट आणि गिटारची पेडलं दुरुस्त करतो आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं रात्री ऑर्केस्ट्रात लीड गिटारही वाजवली. त्यामुळं त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येतं. पण ते देण्याआधी मी त्याला एक जुनी कॅसेट ऐकवतो. तिच्यात गिटार आहे, पण पेडल एकही नाही.

ती कॅसेट माझ्याकडे दुरुस्तीतून आली. मी 1984 साली दुकान टाकलं. लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती आणि घरोघरी टू-इन-वन येऊ लागले होते. आय.टी.आय.ला रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केला होता, हात बसलेला होता, कामाला तोटा नव्हता. 1986 च्या पावसाळ्यात एका प्राध्यापकांनी टेपरेकॉर्डर आणून दिला. आत कॅसेट अडकलेली, फीत रोलरभोवती घट्ट गुंडाळलेली. चिमट्यानं ती हळूहळू सोडवली, नखानं सपाट केली, पेन्सिल घालून परत भरली. मशीनचा रबरी पट्टा बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं आणि चालतंय का बघायला तीच कॅसेट लावली. पुढचा पाऊण तास मी दुसरं काही केलं नाही.

ती 'कॉल ऑफ द व्हॅली' होती. 1967 साली एचएमव्हीनं काढलेली ध्वनिमुद्रिका. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्माते गो. ना. जोशी, म्हणजे मराठी भावगीत घराघरात नेणारे पहिल्या पिढीतले गायक आणि पुढं एचएमव्हीचे अधिकारी. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस सुरांतून उभा करायचा, ही कल्पना. म्हणून पहाटेचे अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, संध्याकाळी भूप, रात्री देस आणि पहाडी. शिवकुमार, हरिप्रसाद आणि काब्रा तिघंही तेव्हा तिशीच्या आसपासचे. पुढं शिव-हरी या नावानं त्यातल्या दोघांनी 'सिलसिला' आणि 'चांदनी'ला संगीत दिलं, ते सगळ्यांना माहीत आहे. काब्रांचं नाव मात्र आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यांनाही ठाऊक नव्हतं.

मलाही नव्हतं. त्या दुपारी ऐकताना मला संतूर कळलं, बासरी कळली, तिसरं वाद्य सरोद असावं असं वाटलं. कॅसेटच्या आतला कागद उलगडून पाहिला आणि 'गिटार' हा शब्द दोनदा वाचला. मी स्वतः चार वर्षं गिटार वाजवत होतो आणि समोर वाजणारी गिटार मला ओळखता आली नव्हती.

प्राध्यापकांनी मला कॉपी करू दिली. म्हणाले, "घे की. फक्त ती मुरगळलेली जागा तुझ्याकडेही येईल बघ." आली. पिलू चालू असताना एका ठिकाणी दोन सेकंद आवाज लाटेसारखा डुलतो. पुढं स्वच्छ प्रत मिळाली, तरी त्या जागी माझा कान अजून थांबतो.

काब्रा मूळचे जोधपूरचे, अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांची गिटार गिब्सन सुपर 400, मोठ्या पोटाची. ती ते हवाईयन पद्धतीनं मांडीवर आडवी घेत. तारा मानेपासून उंच उचलाव्यात म्हणून नट उंच केलेला, स्वरसाथीला जादा तार लावलेली. डाव्या हाताची बोटं तार दाबत नाहीत, हातातला पोलादी दांडा तारेवरून सरकतो. पडद्यांचा संबंधच उरत नाही. षड्जापासून पंचमापर्यंत मधला एकही कण न गाळता जाता येतं. आपल्याकडं हवाईयन गिटार त्याआधीही घरोघरी पोचलेली होती. व्हॅन शिप्ले, हजारासिंग, सुनील गांगुली यांनी त्यावर वाजवलेल्या सिनेमाच्या धुना रेडिओवर लागायच्या. पण त्या गिटारवर आलाप, जोड, गत असा सगळा राग मांडायचा, हे काब्रांनी केलं.

एक गोष्ट मी त्या कॅसेटवर शेकडो वेळा ऐकली असेल. काब्रा तार एकदाच छेडतात आणि त्या एकाच आघातावर लांब मींड घेतात. आवाज तर कमीकमी होत जाणार, तो तारेचा धर्मच आहे. म्हणजे मींडेचा शेवटचा भाग उरलेल्या आवाजावर काढायचा. सुरुवातीला घाई केली तर सूर पोचण्याआधी संपतो. ते कधीच घाई करत नाहीत. मींड जिथं पोचायची तिथं पोचते आणि मगच तार विझते.

तेव्हा माझा धंदा याच्या बरोबर उलट होता. तार विझू न देण्याचे डबे बनवायचे, हे माझं काम.

आमच्या भागात गणपती, नवरात्र, सिद्धेश्वराची यात्रा, लग्नसराई असे ऑर्केस्ट्राचे दिवस असत. 'हरे रामा हरे कृष्णा'मधलं 'दम मारो दम' आल्याशिवाय कार्यक्रम संपत नसे आणि त्याची सुरुवात गिटारनंच होते. मूळ रेकॉर्डवर ती भूपिंदरसिंग यांनी वाजवली आहे. लोकांना तो धार असलेला आवाज हवा असे. परदेशी पेडल घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. एका मासिकात मला फझचं सर्किट सापडलं, 1966 साली लंडनमध्ये निघालेल्या 'फझ फेस'चं. जिमी हेंड्रिक्सच्या पायाखाली असायचा तोच. त्यात एकूण अकरा भाग: दोन ट्रान्झिस्टर, चार रजिस्टन्स, तीन कंडेन्सर, दोन कंट्रोल. नऊ व्होल्टचा सेल. एवढंच.

जर्मेनियमचे एसी 128 ट्रान्झिस्टर मी भंगारातल्या रेडिओंच्या आउटपुटमधून काढले. पत्र्याच्या डब्यात सर्किट बसवलं, पायानं दाबायला पंख्याचं बटण लावलं. हिवाळ्यात तो फझ इतका गोड वाजला की नांदेड, उदगीरहून गिटारवाले विचारत आले. मी त्या वर्षी सात-आठ बनवले असतील. मग मे महिना आला. औशाच्या बाजूला एका लग्नात, मांडवात संध्याकाळी सहालाही अंग भाजत होतं, तेव्हा माझा फझ खोकल्यासारखा तुटक वाजू लागला आणि तिसऱ्या गाण्याला पार बसला. दुसऱ्या दिवशी दुकानात तो ठीक होता. आठवडाभर डोकं खाजवल्यावर कळलं, जर्मेनियम तापला की त्यातून गळणारा करंट वाढतो आणि ट्रान्झिस्टरची बैठकच बिघडते. लंडनच्या हवेतलं सर्किट लातूरच्या बेचाळीस अंशांत टिकणार नव्हतं. मी सगळ्यांचे फझ परत मागवून सिलिकॉनचे बीसी 148 बसवले. आवाज थोडा कोरडा झाला, पण उन्हाळा काढला. कुठल्याही वस्तूचा नकाशा आणला तरी ती आपल्या हवेत पुन्हा जुळवावी लागते, हे त्या मे महिन्यानं शिकवलं.

फझ करतो काय? तारेचा आवाज सुरुवातीला मोठा आणि मग उतरता असतो. फझ तो इतका वाढवतो की वरचा भाग छाटला जातो. सुरुवातीचा मोठा आवाज आणि नंतरचा लहान आवाज एकाच उंचीचे होतात. ऐकणाऱ्याला वाटतं, सूर टिकला. इको वेगळ्या वाटेनं तेच करतो. मी एका जुन्या स्पूल मशीनचा इको केला होता. रेकॉर्डचं हेड आणि वाजवायचं हेड यांत पाच सेंटिमीटरचं अंतर, फितीचा वेग सेकंदाला एकोणीस सेंटिमीटर. म्हणजे वाजवलेला सूर पाव सेकंदानं परत येणार. तो पुन्हा रेकॉर्डकडं थोडा वळवला की परतून परतून येत राहणार. एक सूर संपायच्या आत त्याचीच सावली उभी राहते.

1989 च्या गणपतीत एका तालुक्याच्या गावी मी हे दोन्ही डबे एकत्र जोडले. 'कर्ज'मधली गिटारची धून होती, मूळची गोरख शर्मांनी वाजवलेली. मी फझ पूर्ण उघडला, इको पूर्ण उघडला. सूर एकदा निघाला की थांबेना. समोरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि मी आणखी वाढवला. गाणं सुरू झालं तेव्हा गायकाला त्याची पट्टी सापडेना. माझ्या सुरांच्या सावल्या अजून फिरत होत्या. दोनदा त्यानं सुरुवात केली, दोनदा थांबला. तिसऱ्यांदा तो चुकीच्याच सुरात शिरला आणि तसाच गात राहिला.

कार्यक्रम झाल्यावर टेम्पोत सामान भरताना आमचे की-बोर्डवाले, वयानं मोठे, हार्मोनियमवरून की-बोर्डवर आलेले, शांतपणे म्हणाले, "बाळा, तुझा सूर थांबतच नाही. मग आम्ही शिरायचं कुठनं?"

मला राग आला होता. चार दिवस मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. मला वाटायचं, माझ्या हातच्या वस्तूचं कुणाला कौतुक नाही. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पाच वर्षं लागली.

दरम्यान मी काब्रांची नक्कल करून पाहिली. माझी साधी कलकत्त्याची गिटार मांडीवर आडवी घेतली, नटाखाली अॅल्युमिनियमची पट्टी सरकवून तारा उंच केल्या. दांड्यासाठी शेजारच्या गॅरेजमधून स्कूटरची गजन पिन आणली. जड, गुळगुळीत, मधून पोकळ. तारेवर टेकवली की थंडावा बोटापर्यंत येई. दोन वर्षं रोज रात्री बसलो. मला भूप कधी नीट आला नाही, पण एक सवय लागली. तार छेडायची आणि ती पूर्ण संपेपर्यंत ऐकायची. त्याआधी मी माझ्याच गिटारचा सूर शेवटपर्यंत कधी ऐकला नव्हता. मध्येच पाय पेडलवर जायचा.

मग 1993 आलं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपवून मी दोनच्या सुमारास घरी येऊन पडलो होतो. 30 सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. दुकानातली फळी खाली आली, सगळे डबे जमिनीवर. ते काहीच नव्हतं. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूरकडच्या बातम्या येऊ लागल्या. ज्या गावांत आम्ही गणपतीचे कार्यक्रम केले होते, त्यातली काही गावं उरलीच नव्हती. दिवसभर विसर्जन करून दमलेली माणसं दगडमातीच्या घरांत झोपेतच गेली. पुढं कित्येक महिने आमच्या भागात ऑर्केस्ट्राची सुपारी कुणी दिली नाही आणि मागायची कुणाची इच्छाही नव्हती. गिटार मी कपाटावर ठेवून दिली. मिळेल तिथं रेडिओ आणि माईक सेट दुरुस्त केले.

पुढच्या वर्षी भूकंपातल्या एका गावानं पत्र्याच्या शेडमध्ये अखंड हरिनाम सप्ताह धरला. त्यांच्या अँप्लिफायरमधून गुणगुण येत होती, म्हणून मला बोलावलं. अर्थिंगची तार जोडून दिली तोवर रात्रीचे दीड वाजले. एस.टी. सकाळची, म्हणून तिथंच पोत्यावर बसून राहिलो. वीणेचा पहारा चालू होता. ज्यानं सप्ताह पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. गळ्यात घालून उभं राहायचं, तार छेडत नाम घ्यायचं आणि पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची.

दोन वाजता पहारा बदलला. मी अगदी जवळ होतो. आधीचा माणूस छेडतच होता. दुसरा पुढं आला, दोघांनी एकमेकांच्या पाया पडून घेतलं. पहिल्यानं शेवटचा आघात केला, पट्टा डोक्यावरून काढला, दुसऱ्याच्या गळ्यात घातला. त्या एवढ्या वेळात तार वाजतच होती. पहिल्याचा सूर विझायच्या आत दुसऱ्याचं बोट तारेवर पोचलं होतं. त्या दोघांपैकी एकाच्या घरातली चार माणसं गेली होती, हे मला सकाळी कळलं.

एका छेडीनंतर वीणेची तार दोन-तीन सेकंदात मावळते. तिला ना फझ, ना इको. तरीही त्या शेडमध्ये तो सूर सात दिवस अखंड होता. की-बोर्डवाल्यांचं वाक्य मला तिथं, त्या पोत्यावर बसून कळलं.

घरी आल्यावर कॅसेट काढली आणि आठ वर्षांनी ती खऱ्या अर्थानं ऐकली. संतूरवर कलम पडली की सूर लगेच विरतो. शिवकुमार शर्मांनी कलम तारांवरून घासत नेऊन त्याला लांबवायची युक्ती काढली, तरी सूर धरून ठेवणं हे त्या वाद्याच्या हाडात नाही. गिटारचा सूर सरकू शकतो, पण सरकता सरकता संपतो. बासरीचा सूर श्वास असेल तोवर राहतो, पण श्वासही घ्यावाच लागतो. तीन वाद्यं, तिघांना तीन उणिवा. इतकी वर्षं मी एकट्या गिटारकडं कान लावून बसलो होतो. आता ऐकलं ते हे, की गिटार जिथं विझू लागते तिथून बासरी उचलते, बासरी श्वासाला थांबते तिथं संतूरचे थेंब पडतात. कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. सूर कुणा एकाचा नाही, म्हणून तो तुटत नाही. या ध्वनिमुद्रिकेतला सगळ्यात मोठा इफेक्ट हाच आहे, असं माझं ठाम मत आहे.

ऑर्केस्ट्रा पुन्हा सुरू झाला तेव्हा मी पेडलं टाकून दिली नाहीत. पण फझचा कंट्रोल निम्म्यावर आणला. इको एकदाच परत येईल एवढाच ठेवला आणि गायक तोंड उघडायच्या आधी बंद करू लागलो. की-बोर्डवाल्यांना मी कधी सांगितलं नाही, पण पहिल्याच कार्यक्रमात त्यांनी माझा तुकडा जिथं संपला तिथून आपला उचलला आणि माझ्याकडं पाहून मान हलवली.

1997 साली बार्शी लाईटच्या छोट्या गाडीनं मी ती आडवी गिटार घेऊन मिरजेला गेलो. सतारमेकरांच्या गल्लीत एका वयस्कर कारागिरांना विचारलं, "चाचा, हिला जवारी काढता येईल का? आवाज लांबवायचाय." त्यांनी गिटार हातात घेतली, पाहिली, बाजूला ठेवली. एक तंबोरा ओढला, तार छेडली. आवाज साधा, बसका. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि पुन्हा छेडली. त्याच तारेतून एकावर एक सूर उघडत गेले, गंधारही स्वच्छ ऐकू आला. म्हणाले, "जवारीनं काही वाढत नाही. आत आहे तेच दिसायला लागतं." मी इतकी वर्षं सर्किटमध्ये जे शोधत होतो, ते एका दोऱ्यानं माझ्यासमोर झालं. फझसुद्धा तारेत वरचे सूर वाढवतो, जवारीही वरचे सूर पुढं आणते. फरक इतकाच, की जवारी तारेला ऐकून काढलेली असते.

मग एका डब्यात वीस-वीस इफेक्ट असलेले प्रोसेसर आले, माझ्या पेडलांचा धंदा संपला. नंतर ऑर्केस्ट्राही कमी झाले. डीजे आणि कराओके आले. त्याचं मला वाईट वाटतं, पण तक्रार नाही. दुरुस्तीचं काम आहे आणि गिटारवाली पोरं अजून येतात. काब्रा 2018 साली गेले, शिवकुमार शर्मा 2022 साली. कॅसेट अजून वाजते.

त्या पोरांना मी एवढंच सांगतो. घरी जा, सगळे डबे बंद कर. एक तार छेड आणि ती संपेपर्यंत हात लावू नको. किती वेळ लागला ते मोज. मग 'कॉल ऑफ द व्हॅली'मधला भूप लाव आणि गिटार कुठं सुरू होते हे न बघता ती कुठं थांबते तेवढं ऐक. एवढं करून परत ये, मग पेडलचं बोलू. काही येत नाहीत. जे येतात, त्यांचा पेडलवरचा पाय हलका झालेला असतो.

त्या गावात आता पक्की घरं आहेत, मंदिरही पक्कं आहे. सप्ताह दरवर्षी होतो. रात्री दोन ते चारचा पहारा माझ्याकडं असतो. चार वाजता पुढचा माणूस येतो आणि मी वीणा त्याच्या गळ्यात देतो.